चेंडू हातात नसतानाचा खेळ

प्रश्न असा आलाय: एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या फिनिक्स सन्सकडे केविन ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील असे तिघे एकाच वेळी होते. तरीही 2024 मध्ये प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद मालिकांच्या, पहिल्याच फेरीत मिनेसोटानं त्यांना 4-0 असं घरी पाठवलं आणि पुढच्या हंगामात तर त्यांना प्लेऑफही गाठता आला नाही. एवढे तारे असून संघ एकत्र जिंकत का नाही? विचारणाऱ्यांनी लगेच आपलं दुखणंही सांगितलंय. मिरजेच्या त्यांच्या क्लबानं यंदा जिल्ह्यातले चार नावाजलेले खेळाडू गोळा केले आणि संघ गेल्या वर्षीपेक्षा आधीच स्पर्धेबाहेर पडला. 'अहंकार, दुसरं काय,' असं उत्तरही त्यांनी स्वतःच देऊन टाकलंय.

मी सांगली-मिरजेच्या सिमेंटच्या कोर्टांवर आधी खेळलो आणि मग बरीच वर्षं कॉलेजच्या आणि क्लबच्या मुलामुलींना शिकवत आलोय. अहंकार हे उत्तर मला कायम आळशी वाटत आलंय. अहंकार कुठल्या चांगल्या खेळाडूत नसतो? मायकेल जॉर्डनमध्ये तो कमी होता का? तरी सहा विजेतीपदं आलीच. शेवटच्या दहा सेकंदांत चेंडू माझ्याच हातात हवा असं ज्याला वाटत नाही, तो मोठा खेळाडू होतच नाही. तेव्हा अहंकार धरूनच चला. तो जिंकणाऱ्या संघातही असतो आणि हरणाऱ्याही. फरक दुसरीकडे कुठेतरी पडतो.

आधी प्रश्नातलीच एक गोष्ट सरळ करून घेऊ. ताऱ्यांचे संघ हरतातच असं मुळीच नाही. बोस्टननं 2007 च्या उन्हाळ्यात पॉल पिअर्सच्या जोडीला केविन गार्नेट आणि रे ॲलन आणले. आदल्या हंगामात 24 सामने जिंकलेला तो संघ 66 जिंकला आणि विजेता झाला. मायामी 2012 आणि 2013 मध्ये जिंकलं. ड्युरंट येऊन मिळाल्यावर गोल्डन स्टेटनं 2017 आणि 2018 अशी दोन विजेतीपदं घेतली. उलट ठसठशीत तारा नसलेला विजेता शोधायला निघालात तर 2004 च्या डेट्रॉइटपाशी येऊन थांबावं लागतं. म्हणूनच तो संघ सगळ्यांना तोंडपाठ आहे. ताऱ्यांचा संघ हरला की बघणाऱ्याला गंमत वाटते, तो पराभव लक्षात राहतो, आणि मग 'असे संघ हरतातच' अशी समजूत होऊन बसते. खरा प्रश्न असा आहे की काहींचं जमतं आणि काहींचं का जमत नाही.

आता हिशेब. बास्केटबॉलमध्ये युसेज रेट नावाचा एक आकडा काढतात. खेळाडू कोर्टावर असताना संघाच्या चालींपैकी किती टक्के चालींचा शेवट त्याच्या हातून झाला, म्हणजे त्यानं शॉट मारला, फ्री थ्रो मिळवले किंवा चेंडू घालवला, ते यातून कळतं. कोर्टावरच्या पाचांची बेरीज 100, म्हणून सरासरी प्रत्येकी 20. मोठा तारा साधारण 30 च्या आसपास असतो. रसेल वेस्टब्रुक 2016-17 मध्ये 41 च्याही पुढे गेला होता, म्हणजे संघाचा निम्मा खेळ जवळजवळ एकट्याच्या हातून. आता तीस-तीसचे तिघे एकत्र आणा. नव्वद झाले. उरलेल्या दोघांना मिळून दहा. असा संघ चालत नाही, कारण त्या दोघांवरचे बचावपटू त्यांना मोकळं सोडून मधे गर्दी करतात. त्यामुळे तिघांपैकी कुणाला तरी तीसवरून बावीसवर यावं लागतं, कुणाला अठरावर. चोवीस सेकंदांचं घड्याळ 1954 पासून एनबीएत आहे. त्यामुळे सावकाश सगळ्यांना चेंडू पुरवत बसण्याचीही सोय नाही.

इथं माझ्या मते सगळं अडतं. तीस टक्क्यांवर जो तारा आहे, तो अठरावर आणला तर त्याची किंमत किती उरते? काहींची जवळपास तेवढीच राहते. काहींची एकदम कोसळते. संघ बांधणारे लोक खेळाडूची तीस टक्क्यांवरची किंमत बघून पैसे मोजतात आणि नंतर त्याला अठरावर खेळवतात.

वेस्टब्रुकचंच बघा. 2017 चा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, आणि त्या हंगामात सरासरीच ट्रिपल डबल, म्हणजे गुण, रिबाउंड आणि गुण मिळवून देणारे पास तिन्ही दोन आकडी. हा माणूस 2021 मध्ये लेब्रॉन जेम्स आणि अँथनी डेव्हिस यांच्याकडे लेकर्समध्ये आला. चेंडू लेब्रॉनच्या हातात असायचा, कारण तो तिथंच असायला हवा. मग वेस्टब्रुकनं काय करायचं? कोपऱ्यात उभं राहायचं. त्या हंगामात त्याचे तीन गुणांचे शॉट तीस टक्केही बसले नाहीत. त्याच्यावरचा बचावपटू त्याच्याकडे पाठ फिरवून रिंगखाली जाऊन उभा राहायचा, आणि लेब्रॉन आत घुसायला निघाला की समोर एकाऐवजी दोन माणसं. म्हणजे वेस्टब्रुकचा उपयोग नव्हता एवढंच नाही, तो नुसता उभा राहिल्यानं शेजाऱ्याचा रस्ता बंद होत होता. लेकर्स 33 जिंकले, 49 हरले. यात अहंकार कुठे आला? माणूस रोज जीव तोडून पळत होता.

याच्या उलट टोकाला क्ले थॉम्पसन. डिसेंबर 2016 मध्ये इंडियानाविरुद्ध त्यानं 29 मिनिटांत 60 गुण केले. त्या 60 गुणांसाठी त्यानं चेंडू जमिनीवर आपटला फक्त 11 वेळा, आणि चेंडू त्याच्या हातात होता साधारण दीड मिनिट. तो चित्रीकरणाचा तुकडा मी मुलांना दाखवतो आणि सांगतो की चेंडूकडे बघू नका, फक्त या एकाच माणसाकडे बघा. तो सतत पळतोय. एका स्क्रीनवरून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या साथीदारावरून, वळतो, दुसऱ्यावरून मागे येतो, बचावपटूच्या खांद्याला खांदा घासतो, आणि पास हातात पडतो तेव्हा पाय आधीच रिंगकडे वळलेले असतात. पकडला, मारला, झालं. अशा माणसाच्या शेजारी तुम्ही आणखी दोन तारे आणून ठेवा, याचं काही बिघडत नाही. गोल्डन स्टेटला ड्युरंट पचला तो यामुळे. स्टेफन करीही तसाच आहे. चेंडू देऊन टाकल्यावर तो जास्त धोकादायक होतो. ड्युरंटसोबतच्या पहिल्या हंगामात 67 विजय आले आणि प्लेऑफमध्ये 16 विजय, 1 पराभव.

आपल्याकडच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण आपण सगळे क्रिकेटवर वाढलोय आणि क्रिकेटमध्ये गुणवत्तेची चक्क बेरीज होते. कोहली ऑफ साइडला चौकार मारतो तेव्हा डिव्हिलियर्सला त्याच्यासाठी जागा करून द्यावी लागत नाही. गोलंदाजाची चार षटकं त्याची स्वतःची असतात. पाळी येते, आपलं काम करायचं, संपलं. बंगळुरूकडे 2016 मध्ये कोहलीच्या एकट्याच्या 973 धावा होत्या आणि तरी अंतिम सामना आठ धावांनी गेला. त्याचं कारण फलंदाजांचं आपसात जमलं नाही हे नव्हतं, गोलंदाजी तोकडी पडली. बास्केटबॉलमध्ये पाळी नसते. पाचही जण त्याच क्षणी, त्याच पंधरा मीटर रुंदीत असतात आणि एकाच्या उभं राहण्यानं दुसऱ्याचा शॉट चुकू शकतो.

यावर संशोधनही झालंय. 2014 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक निबंध आला. त्यात असं म्हटलं होतं की फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये अव्वल खेळाडू एका मर्यादेपर्यंत फायद्याचे ठरतात, त्यापुढे संघाची कामगिरी घसरते. बेसबॉलमध्ये मात्र असं काही दिसत नाही. बातम्यांना हे फार आवडलं. पण 2021 मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या अभ्यासकांनी एनबीएचे आकडे पुन्हा तपासून सांगितलं की घसरण नाही. गुणवत्ता वाढवत नेली की प्रत्येक नव्या ताऱ्याचा फायदा कमी कमी होत जातो, पण तोटा होत नाही. कोर्टावर जे दिसतं त्यावरून मला दुसरं म्हणणं पटतं. तिसरा तारा संघ बुडवत नाही. तो पहिल्याइतकं देत नाही, आणि त्याची किंमत मात्र पहिल्याइतकीच मोजलेली असते. बुडवतो तो हा व्यवहार. पैशाकडे पुढे येतोच.

आधी 2004 कडे वळू, कारण त्या एका उन्हाळ्यात हा सगळा विषय दोनदा घडला, आणि दोन्ही वेळी मधे एकच माणूस होता, प्रशिक्षक लॅरी ब्राउन.

लेकर्सकडे शकील 'शॅक' ओनील आणि कोबी ब्रायंट होते, 2000 ते 2002 अशी लागोपाठ तीन विजेतीपदं होती, आणि 2003 मध्ये विजेतेपद मिळवायचंच म्हणून कार्ल मलोन आणि गॅरी पेटन कमी पैशात येऊन दाखल झाले. प्रशिक्षक फिल जॅक्सन. समोर अंतिम फेरीत ब्राउनचा डेट्रॉइट संघ: बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स, आणि आत रशीद वॉलेस व बेन वॉलेस. डेट्रॉइट 4-1 नं जिंकलं. तिसऱ्या सामन्यात लेकर्सचे सगळे मिळून 68 गुण झाले.

त्या मालिकेतले दोन आकडे मला फार बोलके वाटतात. शॅकनं 84 शॉट मारले आणि त्यातले 63 टक्के घातले. कोबीनं 113 मारले आणि 38 टक्के घातले. लोक हे वाचतात आणि म्हणतात, बघा, कोबी हावरट. थोडा होताच. पण डेट्रॉइटचा डाव बघा. शॅकवर त्यांनी दुसरा माणूस पाठवलाच नाही. बेन वॉलेस किंवा जो कुणी तिथं असेल त्यानं एकट्यानं झुंजायचं, शॅकला घालू द्यायचं, पण बाकीच्या चौघांना एक इंचही सोडायचं नाही. शॅकवर दोन माणसं गेली असती तर बाहेर कुणी तरी मोकळा सापडला असता आणि संघाचा खेळ फिरला असता. ब्राउननं ती मोकळीकच दिली नाही. कोबीसमोर लांब हातांचा प्रिन्स उभा केला. पेटन आयुष्यभर चेंडू हातात घेऊन संघ चालवत आलेला, आणि जॅक्सनच्या 'ट्रँगल' नावाच्या आक्रमणाच्या रचनेत गार्डला चेंडू घेऊन फिरायला वावच नसतो, पास देऊन कोपऱ्याकडे पळायचं असतं. म्हणजे पस्तीस वर्षांच्या माणसाला अर्धा खेळ नव्यानं शिकायचा होता. मलोनचा गुडघा गेलेला. चारपैकी दोन तारे नावापुरते उरले आणि उरलेल्या दोघांना डेट्रॉइटनं एकमेकांपासून तोडलं.

जूनमध्ये हे करून दाखवणारे ब्राउन ऑगस्टमध्ये अथेन्स ऑलिंपिकला अमेरिकेचे प्रशिक्षक होते. संघात टिम डंकन, ॲलन आयव्हर्सन, आणि तरणेबांड लेब्रॉन, वेड, कार्मेलो अँथनी. पहिल्याच सामन्यात पोर्तो रिकोनं त्यांना 92-73 हरवलं. पोर्तो रिकोनं केलं काय? आत झोन लावून, म्हणजे माणसाऐवजी रिंगजवळची जागा राखत बसले आणि म्हणाले, मारा बाहेरून. अमेरिकेचे तीन गुणांचे 24 शॉट झाले, बसले 3. पुढे लिथुआनिया हरवून गेलं, उपांत्य फेरीत अर्जेंटिनानं 89-81 नं हरवलं आणि कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. सुवर्ण अर्जेंटिनाला मिळालं. जिनोबिली, स्कोला, नोसिओनी, ओबेर्तो ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र खेळत होती आणि 2002 च्या जागतिक स्पर्धेतही त्यांनी अमेरिकेला अमेरिकेतच हरवलं होतं. प्रशिक्षक तोच, डोकं तेच. जूनमध्ये त्याच्याकडे एकमेकांत मुरलेले पाच जण होते, ऑगस्टमध्ये काही आठवड्यांपूर्वी गोळा केलेले बारा. हे ज्याला बघायचं असेल त्यानं दुसऱ्या कुठल्या सिद्धांताच्या मागे लागू नये.

आता सांगलीच्या माणसाला एक शंका येईलच. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. दोन वेगळ्या कंपन्यांचे, एकमेकांचे स्पर्धक असलेले दोन सम्राट, आणि तो प्रयोग लोकांनी डोक्यावर घेतला. तिथं कसं जमलं? जमलं कारण धैर्यधराची पदं धैर्यधराची होती आणि भामिनीची भामिनीची. वाटणी खाडिलकरांनी दहा वर्षं आधीच करून ठेवलेली. दोघांनी आपापल्या जागी सर्वस्व ओतायचं, एकाचं गाणं रंगलं म्हणून दुसऱ्याचं पद कापलं जात नाही. बास्केटबॉलमध्ये ही वाटणी लिहून ठेवलेली नसते. दर चोवीस सेकंदांनी ती नव्यानं करायची असते, समोर पाच जण ती मोडायला उभे असताना. आणि एका रात्रीचा प्रश्न नसतो, 82 रात्री असतात.

बोस्टननं ही वाटणी कशी केली ते आकड्यांत दिसतं. एकत्र येण्याआधीच्या हंगामात पिअर्सची सरासरी 25.0 होती, गार्नेटची 22.4, ॲलनची 26.4. एकत्र आल्यावर 19.6, 18.8 आणि 17.4. तिघांनी मिळून सामन्यामागे अठरा गुण सोडले. सोडलेले गुण गेले कुठे? रॉन्डो, पर्किन्स, पोझी अशांच्या हातात. आणि वाचलेली ताकद बचावात गेली. टॉम थिबोडो तेव्हा प्रशिक्षक डॉक रिव्हर्सचे सहायक होते, बचावाची सगळी रचना त्यांची, आणि त्या रचनेच्या मध्यभागी गार्नेट उभा राहून ओरडत असायचा. तिघंही तिशी ओलांडलेले, तिघांच्याही नावावर एकही विजेतेपद नव्हतं, आणि मोठे करार खिशात पडून झालेले होते. हे फार महत्त्वाचं आहे. चोविशीतल्या पोराला अठरा गुणांवर समाधान मान म्हणणं वेगळं.

मायामीला जास्त वेळ लागला. लेब्रॉन, वेड आणि बॉश एकत्र आल्यावर पहिल्या 17 सामन्यांत 9 विजय, 8 पराभव. 2011 च्या अंतिम फेरीत डॅलसनं 4-2 नं हरवलं आणि लेब्रॉनची सरासरी 17.8 वर आली. लोकांनी त्याच्या मनोबलावर बोट ठेवलं. मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं की अडचण जागेची होती: लेब्रॉन आणि वेड दोघंही वरून चेंडू घेऊन आत घुसणारे, दोघंही बाहेरून फारसे भरवशाचे नाहीत, म्हणजे एक घुसतोय तेव्हा दुसरा निव्वळ प्रेक्षक. पुढं तीन गोष्टी बदलल्या. लेब्रॉननं त्या उन्हाळ्यात हकीम ओलाजुवनकडे जाऊन रिंगकडे पाठ करून खेळणं शिकून घेतलं. वेड चेंडूशिवाय कट मारायला, म्हणजे मोकळ्या जागेत झटकन धावायला लागला. आणि बॉश, ज्याची टोरंटोतल्या शेवटच्या हंगामात सरासरी 24 होती, तो सेंटर म्हणून मोठ्या धिप्पाडांशी झुंजायला, स्क्रीन लावायला आणि बाहेर उभं राहून बचाव ताणायला तयार झाला. 2012-13 मध्ये त्याची सरासरी 16.6 होती. त्याच हंगामात संघानं लागोपाठ 27 सामने जिंकले. 2013 च्या अंतिम फेरीचा सहावा सामना तोवर मायामीत आलेल्या रे ॲलनच्या कोपऱ्यातल्या शॉटसाठी लोकांना आठवतो. त्याआधीचं रिबाउंड खेचून त्याला पास देणारा बॉश होता.

बचावाबद्दल थोडक्यात. आक्रमणात एखादा तारा एकटा सामना काढू शकतो, बचावात नाही. प्लेऑफमध्ये तोच प्रतिस्पर्धी सातपर्यंत वेळा समोर येतो आणि त्याला तुमचा सगळ्यात कच्चा बचावपटू कोण हे दुसऱ्या सामन्यापर्यंत कळलेलं असतं. मग दर चालीत स्क्रीन लावून त्यालाच मधे ओढायचं. रोज पंचवीस गुण करणाऱ्या माणसाला बचावात थोडं दमानं घ्यायची सवय असते, कारण जुन्या संघात ते चालून जात होतं. असे तिघे एकत्र आले की दमानं घेणारेही तिघे होतात.

आणि पैसा. एनबीएत पगाराला मर्यादा आहे. ती ओलांडता येते, पण दंड पडतो, आणि लीग व खेळाडूंमधल्या 2023 च्या करारापासून एका ठरावीक पातळीच्या वर गेलेल्या संघाचे हातपायच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून बदल्यात मोठा खेळाडू आणता येत नाही, मधल्या फळीचा माणूस घ्यायची सवलतही जाते. फिनिक्स तिथंच जाऊन अडकलं. ड्युरंटसाठी त्यांनी मिकाल ब्रिजेस, कॅमेरॉन जॉन्सन आणि नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले पहिल्या फेरीचे चार हक्क दिले. बीलसाठी क्रिस पॉल दिला, म्हणजे तिघांना चेंडू वाटून देणारा एकमेव माणूसच देऊन टाकला. राहिले तीन शॉट मारणारे आणि किमान पगारावरची माणसं. लेकर्सनी वेस्टब्रुकसाठी कुझ्मा आणि कॅल्डवेल-पोप दिले आणि त्याच उन्हाळ्यात कारूसो सोडला. हे तिघेही 2020 च्या विजेत्या संघातले. तारे तसेच राहिले, त्यांच्या भोवतीची माणसं गेली. वर बरेचसे तारे तिशीपलीकडचे, दुखापती ठरलेल्या. लेब्रॉन, डेव्हिस आणि वेस्टब्रुक त्या हंगामात एकत्र खेळले फक्त 21 सामने. ब्रुकलिनमध्ये ड्युरंट, हार्डन आणि आयर्व्हिंग हे तिघं सगळे मिळून 16 सामने एकत्र खेळले आणि त्यातले 13 जिंकले. त्यांचं जमत नव्हतं असं कसं म्हणायचं? ते एकत्र उभेच राहिले नाहीत.

आता तुमचा मिरजेचा संघ. एनबीएतली पैशाची भानगड आपल्याकडे नाही, पण तिचा एक चुलतभाऊ आहे. आपल्या मुलांना खेळातून मिळण्यासारखं काय असतं? विद्यापीठाच्या संघात निवड, राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र, आणि त्यावर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणात एखादी जागा. निवडीच्या वेळी गॅलरीत बसलेल्या माणसाच्या नजरेत काय भरतं? गुण. स्क्रीन लावणारा भरत नाही, वेळेवर मदतीला जाऊन आत घुसणाऱ्याला अडवणारा तर नाहीच. मग तुमच्या चौघांनी तुमच्या संघात येऊन स्वतःचे गुण अठरावरून दहावर आणावेत, अशी अपेक्षा तुम्ही कोणत्या बळावर करताय? बॉशनं गुण सोडले तेव्हा त्याच्या खात्यात पैसे जमा झालेले होते. तुमच्या गार्डला अजून अर्ज भरायचेत. त्याला हावरट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यापेक्षा स्कोअरशीटच्या शेजारी दुसरी वही ठेवा: कुणाच्या स्क्रीनवरून बास्केट झाली, कुणी पासच्या आधीचा पास दिला, कुणी जागेवर उभं राहून धडक झेलली (चार्ज घेतला), कोण किती वेळा बचावात परत धावत आला. प्रत्येक सामन्यानंतर ती सगळ्यांसमोर वाचा. निवड समितीला खेळाडूबद्दल पत्र लिहिताना त्यातले आकडे घाला. मुलं जे मोजलं जातं तेच करतात.

दुसरं, सरावाचं. आपल्याकडच्या बक्षिसाच्या स्पर्धा तीन-चार दिवसांच्या, बाद पद्धतीच्या, रात्रीच्या दिव्यांत. एक खेळाडू इस्लामपूरहून येणार, एक कुपवाडहून ड्युटी संपवून थेट, तिसरा पुण्याच्या गाडीतून सामन्याला तासभर असताना उतरणार. अशा वेळी पंधरा चाली शिकवण्यात अर्थ नाही. दोनच ठेवा, पण पाचही जागांवरून प्रत्येकाला आल्या पाहिजेत. आणि सरावात एक नियम लावा: अर्ध्या कोर्टावर पाच विरुद्ध पाच, ड्रिबल बंद. फक्त पास, कट आणि शॉट. चेंडू हातात धरून खेळणाऱ्याचा पहिल्या दहा मिनिटांत चेहरा उतरतो. विसाव्या मिनिटाला तो कट मारायला लागतो, कारण दुसरा काही इलाजच उरत नाही. ज्याला तरीही जमत नाही तो कोण, तेही तुम्हाला याच वेळात कळेल, आणि संघ निवडताना तेवढं पुरेसं आहे.

तिसरं, चौघांना एकत्र सुरुवात करू देऊ नका. मनू जिनोबिली अथेन्सच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच माणसाला सॅन अँटोनिओत ग्रेग पॉपोविच वर्षानुवर्षं बेंचवरून आणत राहिले. 2008 मध्ये त्याला राखीव खेळाडूंमधला सर्वोत्तम म्हणून पुरस्कारही मिळाला. शिक्षा म्हणून पॉपोविच त्याला बसवून ठेवत नव्हते. टोनी पार्कर कोर्टावर असताना जिनोबिलीला चेंडू अर्धाच मिळायचा, पार्कर विश्रांतीला गेला की पूर्ण मिळायचा. तुमच्या चौघांपैकी जो सगळ्यात जास्त ड्रिबल करतो, ज्याला चेंडूशिवाय काय करावं ते सुचत नाही, आणि बहुतेक तोच तुमचा सगळ्यात जास्त गुण करणारा असणार, त्याला पहिल्या क्वार्टरच्या मध्यावर आत पाठवा, बाकीच्या तिघांपैकी दोघांना बाहेर काढून. त्या पाच-सहा मिनिटांत चेंडू पूर्ण त्याचा. शेवटच्या चार मिनिटांत कोण राहणार हे मात्र त्या दिवशीच्या वहीवरून ठरवा, आणि ते त्याला स्पर्धा सुरू व्हायच्या आधी घरी बोलावून, त्याच्या वडिलांसमोर सांगा. सामन्याच्या मधे टाइमआउटमध्ये सांगितलंत तर त्याला तो अपमान वाटेल, आणि गॅलरीतून वडील खाली उतरतील.